मायग्रेनसाठी ॲक्युपंक्चर केलं त्याची हकीकत (कोल्हापूर, खर्चासकट)

मला मायग्रेन आहे हे कळायलाच बरीच वर्षं गेली, कारण आमच्याकडं डोकं दुखणं म्हणजे पित्त. पित्त झालंय, उलटी काढ, लिंबू-सरबत घे, झोप. उजव्या डोळ्यामागून सुरू होऊन मानेपर्यंत उतरणारं, ट्यूबलाईट नको वाटणारं, शेजारच्या घरातल्या फोडणीच्या वासानंसुद्धा मळमळायला लावणारं हे दुखणं पित्ताचं नाही हे शेवटी शाहूपुरीतल्या न्यूरॉलॉजिस्टनी (मेंदू आणि नसांचे डॉक्टर) सांगितलं. उलटी मायग्रेनमुळं होते, उलटी काढून मायग्रेन जात नाही. सासूबाईंना हे अजून पटलेलं नाही ते सोडा.

मी पतसंस्थेत कामाला आहे. त्यामुळं मार्च एंडिंग आणि डोकं हे समीकरण ठरलेलं. या वर्षी मार्चमध्ये मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या इतक्या झाल्या की डॉक्टरांनी आधी तेच बंद केलं. त्यांनी सांगितलेला हिशोब इथं देते, कारण हा आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहितीच नसतो. कॉम्बिनेशनची (एका गोळीत दोन-तीन औषधं असलेली) पेनकिलर किंवा ट्रिप्टान गटातली, म्हणजे खास मायग्रेनच्या अटॅकसाठीची, गोळी महिन्यात १० किंवा जास्त दिवस, साधी पेनकिलर १५ किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चाललं की मग गोळीमुळंच डोकं दुखायला लागतं. म्हणजे दुखतंय म्हणून गोळी आणि गोळी म्हणून दुखतंय.

रोजच्या गोळ्या, ज्या अटॅक येऊच नये म्हणून घ्यायच्या असतात, त्या त्याआधीच करून झाल्या होत्या. प्रोप्रॅनोलॉल मला चालत नाही, दमा आहे. टोपिरामेटनं बोटांना मुंग्या यायच्या ते एक वेळ चाललं असतं, पण काउंटरवर शब्द अडायला लागले. एका काकांना ठेवीच्या फॉर्मवर नॉमिनीचं नाव लिहा एवढं सांगायचं होतं तर 'नॉमिनी' शब्दच तोंडात येईना, मी नुसती त्या चौकोनावर बोट आपटत बसले आणि काका म्हणाले, "काय झालं वो ताई, बरं नाही काय?" फ्लुनारिझिननं झोप आणि वजन दोन्ही वाढलं. शेवटी रात्रीची ॲमिट्रिप्टिलिनची छोटी गोळी तेवढी राहिली, ती चालू होती आणि अजून आहे.

ॲक्युपंक्चरचं, म्हणजे अंगावर ठरलेल्या जागी बारीक सुया टोचायच्या चिनी उपचाराचं, नाव डॉक्टरांनी काढलेलं नाही, मी काढलं. ऑफिसमधल्या एका मॅडमच्या आईला गुडघ्यासाठी फरक पडला होता म्हणे. मला वाटलं डॉक्टर हसतील. पण ते म्हणाले, करा की, तुमच्या केसमध्ये करून बघण्यासारखं आहे, ब्रिटनच्या नाईस या आरोग्य संस्थेच्या २०१२ च्या गाईडलाईनमध्येसुद्धा आहे की मायग्रेनच्या पेशंटला टोपिरामेट आणि प्रोप्रॅनोलॉल दोन्ही चालत नसतील किंवा लागू पडत नसतील तर ५ ते ८ आठवड्यांत जास्तीत जास्त १० वेळा ॲक्युपंक्चरचा विचार करावा. फक्त दोन अटी घातल्या. रात्रीची गोळी माझ्या मनानं बंद करायची नाही, आणि सुया सुरू करायच्या आधी महिनाभर डोकेदुखीची नोंद ठेवायची. "नाहीतर नंतर बरं वाटलं की नाही ते तुम्हाला पण कळणार नाही आणि मला पण नाही."

ही नोंद मी ॲपमध्ये वगैरे न ठेवता स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ठेवली, जिथं दुधाचे खाडे लिहितो तिथंच. अटॅकचा दिवस म्हणजे गोल, गोळी घेतली की त्यात रेघ, पाळीचे दिवस हिरव्या पेनानं. सगळा एप्रिल असा गेला. महिन्याला आठ-नऊ गोल. हे बघून मलाच धक्का बसला, कारण कुणी विचारलं असतं तर मी चार-पाच सांगितले असते.

आता माणूस शोधायचा. हे काम सुयांपेक्षा अवघड आहे. पहिल्यांदा एका हॉलमध्ये शिबिर होतं तिकडं गेले. बॅनरवर शुगर, थायरॉईड, मुतखडा, वंध्यत्व, दारू सोडवणे, सगळं एकाच यादीत, आणि टेबलावरचा माणूस म्हणाला की पहिल्या दिवसापासून सगळ्या ॲलोपॅथीच्या गोळ्या बंद करा. तिथून मी पाणीसुद्धा न पिता उठले. कुणीही चालू गोळ्या बंद करायला लावत असेल तर उठाच, मग तो सुईवाला असो नाहीतर काढेवाला.

घरी येऊन जरा चौकशी केली. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी वेगळा कायदा आहे, २०१५ चा, आणि त्याखाली महाराष्ट्र ॲक्युपंक्चर परिषद आहे. प्रॅक्टिस करणाऱ्याकडं परिषदेचा नोंदणी क्रमांक पाहिजे. केंद्र सरकारनं पण २०१९ मध्ये स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. मान्यता आहे म्हणजे बॅनरवरच्या सगळ्या रोगांवर चालतं असा अर्थ नव्हे, पण निदान समोरचा माणूस नोंदणीकृत आहे का एवढं तरी विचारता येतं. फोनवरच विचारायचं. एका ठिकाणी "ते तुम्ही आल्यावर बघू" असं उत्तर आलं, तिथं गेलेच नाही. राजारामपुरीतल्या एका मॅडमनी मात्र फोनवर लगेच नंबर सांगितला, आणि सर्टिफिकेट भिंतीवर लावलंय, या आणि बघा म्हणाल्या. संध्याकाळची वेळ हवी म्हणून मला जवळजवळ तीन आठवडे थांबावं लागलं. सकाळी ११ ची पाहिजे असती तर दुसऱ्या दिवशी मिळत होती.

२२ मे ला पहिल्यांदा गेले. पहिल्या वेळची फी ६००, नंतर प्रत्येक वेळी ४५०, दहाचं पॅकेज एकदम घेतलं तर ४०००. मी म्हटलं आधी पाच वेळचे भरते, फरक वाटला तर पुढचे. त्यांनी कटकट केली नाही, २००० घेतले आणि पावती दिली. दोन ठिकाणी सही असलेला एक संमतीचा फॉर्म होता आणि तो त्यांनी वाचायला लावला. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, पेसमेकर आहे का (करंटवाल्या मशीनसाठी), गरोदर आहात का किंवा शक्यता आहे का, फिट येते का, सुई टोचल्यावर चक्कर येते का. दुष्परिणामांत निळं पडणं, थेंबभर रक्त, गुंगी, आणि खाली अगदी बारीक अक्षरात फुफ्फुसाला इजा. ते वाचून मी घाबरले. मॅडम म्हणाल्या, छातीवर किंवा खांद्याच्या वरच्या भागात नको तितकी खोल सुई गेली तर होऊ शकतं, क्वचित होतं पण होतं, म्हणून तिथं शिकलेलाच हात पाहिजे, आणि तुमच्या त्रासाला मला तिथं जायची गरजच नाही.

मग तासभर प्रश्न. डोकं कुठल्या बाजूला, पाळीच्या आधी की नंतर, झोप, पोट, तहान. जीभ दाखवा. दोन्ही मनगटांची नाडी तीन-तीन बोटांनी. आमच्या गावाकडच्या वैद्यांची आठवण झाली मला.

भिंतीवर डॉ. कोटणीसांचा फोटो होता. आपल्याकडं सगळ्यांना वाटतं (मलाही वाटायचं) की ॲक्युपंक्चर भारतात त्यांनी आणलं. पण सोलापूरचे कोटणीस सर्जन होते, १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिकडंच वारले. त्याच पथकातले डॉ. बिजॉय कुमार बसू नंतर चीनमध्ये ही विद्या शिकले आणि त्यांनी १९५९ च्या सुमारास कोलकात्यात ती सुरू केली. फोटो मात्र सगळीकडं कोटणीसांचा.

सुयांचं सांगते, कारण भीती तिथंच असते. इंजेक्शनची सुई पोकळ असते, ही भरीव आणि केसासारखी. पाकिटावर ०.२५ × २५ मिमी लिहिलेलं. पाकीट माझ्यासमोर फोडलं, एक्स्पायरी डेट दाखवली. प्रत्येक सुईला एक प्लॅस्टिकची नळी असते, ती कातडीवर टेकवायची, वर आलेल्या सुईच्या टोकावर बोटानं टिचकी मारायची की सुई आत. काढलेल्या सुया पांढऱ्या, झाकणाच्या कडक डब्यात टाकल्या, तो नियमच आहे. तुम्ही जिथं जाल तिथं हे दोन बघाच, पाकीट समोर फोडतात का आणि वापरलेली सुई कुठं जाते. परत वापरलेल्या सुईतून हिपॅटायटिस बी आणि एचआयव्ही पसरू शकतो, इथं भिडस्तपणा नको.

जागा शोधायला टेप नाही, माझीच बोटं. माझ्या अंगठ्याची रुंदी म्हणजे एक माप, चार बोटं जोडली की तीन मापं. मनगटाच्या घडीपासून दोन मापं वर, दोन कंडरांच्या (टेंडन) मधे एक जागा मळमळीसाठी. एक अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या मांसल भागात. एक पायाच्या अंगठ्याच्या आणि शेजारच्या बोटाच्या खाचेत. कवटीच्या खाली मानेच्या दोन्ही बाजूंना जे खड्डे असतात तिथं दोन. कानाच्या वर एक आणि कानशिलावर एक. टोचल्याचं डासाएवढं कळतं. पण नंतर मॅडम सुई हलकेच फिरवतात आणि तेव्हा जे होतं ते वेगळंच. दुखणं नाही, जड, बधीर, आत कुणीतरी धरून ठेवल्यासारखं. हाताच्या सुईला ते कोपरापर्यंत सरकत गेलं आणि मी "अगं आई" म्हणाले. मॅडम खुश झाल्या, म्हणाल्या हेच पाहिजे, याला डे ची म्हणतात. मग दिवा बंद, पंखा दोनवर, मोबाईल पर्समध्ये, पंचवीस मिनिटं. तिसऱ्या मिनिटाला नाक खाजायला लागलं आणि दोन्ही हातांत सुया. जाण्याआधी नाक, कान, सगळं खाजवून घ्या.

हे चालतं कसं, हे मी दोघांना विचारलं. मॅडमचं उत्तर परंपरेतलं. अंगात ची नावाची ऊर्जा वाहते, तिचे मुख्य १४ मार्ग, त्यावर ३६१ बिंदू (या बिंदूंच्या जागा जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये प्रमाणित करून छापल्यात), वाट अडली की दुखणं, सुईनं वाट मोकळी. न्यूरॉलॉजिस्ट म्हणाले, ते मार्ग शरीर उघडून कुणाला दिसलेले नाहीत, पण सुई टोचली की काहीतरी होतं हे खरं. सुई फिरवली की कातडीखालचे तंतू तिच्याभोवती गुंडाळले जातात, तिथल्या नसा जाग्या होतात, मज्जारज्जूत दुखण्याचा निरोप वर जायच्या वाटेवर अडथळा येतो, आणि मेंदू स्वतःची वेदनाशामकं सोडतो, एंडॉर्फिन वगैरे. १९७० च्या दशकातच दिसलं होतं की अफूचा परिणाम उतरवणारं नॅलॉक्झोन दिलं की ॲक्युपंक्चरचा आराम कमी होतो. २०१० मध्ये उंदरांवर दिसलं की सुईजवळ ॲडेनोसिन वाढतं, ते पण वेदना दाबतं. आणि माझ्यासाठी सगळ्यात पटणारं म्हणजे मानेचं. मानेच्या वरच्या नसा आणि चेहऱ्या-कपाळाची नस मज्जारज्जूच्या वरच्या टोकाला एकाच ठिकाणी येऊन मिळतात. म्हणूनच माझं डोळ्यामागचं दुखणं मानेत उतरतं, आणि म्हणूनच मानेतल्या सुईचा डोक्याशी संबंध असू शकतो.

घरी हे सगळं रंगवून सांगितलं तर आमचे हे म्हणाले, "मग कुठंही टोचलं तरी चालतंय की!" थट्टा होती, पण मुद्दा खरा निघाला. जर्मनीत कंबरदुखीच्या ११६२ लोकांवर मोठा अभ्यास झाला, २००७ मध्ये छापून आला. सहा महिन्यांनी खऱ्या बिंदूंवर सुया घेतलेल्यांत ४७.६ टक्के लोकांना फरक, मुद्दाम चुकीच्या जागी वरवर टोचलेल्यांत ४४.२ टक्के, आणि नेहमीचे औषध-व्यायाम करणाऱ्यांत २७.४ टक्के. मायग्रेनचं जरा बरं आहे. कोक्रेन या, झालेले अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेच्या २०१६ च्या आढाव्यात २२ अभ्यास आणि जवळपास ५००० लोक होते, त्याचं सार असं की महिन्याला सहा दिवस मायग्रेन असलेल्या माणसाचे नेहमीच्या उपचारांत पाच दिवस होतात, खोट्या सुयांनी किंवा रोजच्या प्रतिबंधक गोळीनं चार, आणि खऱ्या सुयांनी साडेतीन. हे आकडे मी मुद्दाम सांगतेय, कारण 'मुळापासून बरं' असं जे ऐकायला मिळतं ते यात कुठंच नाही. गोळीइतकं किंवा थोडं जास्त, पण गोळीसारखी रोजची गुंगी आणि वजनवाढ नाही. मला एवढंच पाहिजे होतं.

सुरुवातीला आठवड्यातून दोनदा जायचं होतं. पहिल्या दिवशी रात्री सणसणीत अटॅक आला. दुसऱ्या खेपेनंतर एवढी गाढ झोप लागली की सासूबाई दोनदा येऊन बघून गेल्या. गाडी चालवत जात असाल तर पहिले काही वेळा कुणाला तरी बरोबर घ्या, सुया काढल्यावर हलकं हलकं वाटतं, ते दुचाकीला बरं नाही. कानशिलावर एकदा निळा डाग पडला, ऑफिसमध्ये तीन दिवस उत्तरं देत बसले. उपाशी जायचं नाही, चक्कर येते. माझी एक वेळ संकष्टीला आली होती ती मी फोन करून पुढं ढकलली. नंतर मॅडम मानेच्या सुयांना छोटे क्लिप लावून मशीननं करंट द्यायला लागल्या, टकटकटक असं मान स्वतःच उडते, दुखत नाही पण पहिल्यांदा हसू येतं.

जूनच्या मध्यापर्यंत कॅलेंडरवर काहीच विशेष दिसत नव्हतं आणि मी जवळजवळ सोडणार होते. पैसे भरलेत म्हणून गेले खरं सांगायचं तर. जूनच्या शेवटच्या आठवड्यात बघितलं तर सलग नऊ-दहा दिवस गोल नाही. मग जुलैत पाऊस लागला. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्यावर गेली की आमच्याकडं बाकी सगळं थांबतं, माहेरच्या लोकांचं सामान वरच्या मजल्यावर हलवण्यात आठवडा गेला, तेव्हा खाडा झाला आणि दोन अटॅकपण आले. जागरण, भिजणं, वेळेवर न जेवणं, सगळंच होतं त्यामुळं सुया चुकल्या म्हणून आले असं काही म्हणता येत नाही.

मधेच मेडिक्लेमचा उद्योग केला. ऑफिसची ग्रुप पॉलिसी आहे, म्हटलं विचारून तर बघू. क्लेम फॉर्मचा भाग अ मी भरला, पावत्या, आधार-पॅनची झेरॉक्स, रद्द केलेला चेक, न्यूरॉलॉजिस्टची चिठ्ठी जोडली. भाग ब हॉस्पिटलनं भरायचा असतो, त्यात ॲडमिट झाल्याची तारीख आणि वेळ. मॅडमनी तो फॉर्म उलटा-सुलटा करून बघितला आणि म्हणाल्या, "ताई, मी यात काय लिहू?" तो कोरा ठेवून पाठवला. तीन आठवड्यांनी मेल आला, नामंजूर, कारणं दोन. एक, २४ तास ॲडमिट नाही, म्हणजे ओपीडी. दोन, पॉलिसीत आयुष उपचार आहेत पण आयुषमध्ये आयुर्वेद, योग-निसर्गोपचार, युनानी, सिद्ध, सोवा-रिग्पा आणि होमिओपॅथी येतं, ॲक्युपंक्चर नाही. तेव्हा खर्च खिशातून धरूनच चाला. पावत्या मात्र घ्या, नोंदणी क्रमांकाच्या शिक्क्यासकट. काहींच्या पॉलिसीत ओपीडीचा वेगळा भाग असतो, त्यांनी विचारायला हरकत नाही.

राहिलेले पैसे भरून दहाचा कोर्स ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात संपला. पावसाच्या खाड्यामुळं लांबला. जायचा-यायचा खर्च धरून पाच हजारांच्या आत झालं. ऑगस्टच्या शेवटी कॅलेंडरची पानं फाडून तशीच घेऊन न्यूरॉलॉजिस्टकडं गेले (दोन तास बसावं लागलं, तिथं नेहमीच बसावं लागतं). एप्रिलचे आठ-नऊ गोल ऑगस्टमध्ये चार. रेघा पण कमी, आणि जे अटॅक आले ते दुपारपर्यंत उतरणारे. डॉक्टरांनी पानं नीट बघितली आणि म्हणाले, चांगलं आहे, पण तुम्ही मधल्या काळात पेनकिलर पण कमी केल्यात, झोपेची वेळ पण धरलीय, मार्च एंडिंग पण संपलंय. यातलं सुईचं किती ते या पानांवरून सांगता येणार नाही. मी म्हटलं, मलाही सांगता येत नाही, पण चार आहेत ना. ते हसले. गोळी आहे तशीच ठेवली, जानेवारीत परत बोलावलंय, तेव्हा कमी करायचा विचार करू म्हणाले.

एक गोष्ट त्यांनी परत बजावून सांगितली ती इथं पण लिहिते. अचानक, आयुष्यात कधी नव्हतं इतकं जोरात डोकं दुखलं, किंवा बोलताना जीभ अडखळली, हात-पाय लुळा पडला, तापाबरोबर मान कडक झाली, तर सुया नाहीत, घरगुती उपाय नाहीत, सरळ मोठ्या हॉस्पिटलमध्ये जायचं. आणि डोकेदुखीचं निदान डॉक्टरकडून झाल्याशिवाय ॲक्युपंक्चरवाल्याकडं पहिल्यांदा जायचंच नाही.

सध्या महिन्यातून एकदा जाते, ४५० रुपये. ते किती दिवस चालू ठेवायचं ते जानेवारीनंतर ठरवणार, मार्च तर यायचाच आहे. मॅडमचा नंबर इथं देत नाही, प्रत्येकाचा त्रास वेगळा, तुमच्या डॉक्टरांना विचारा आणि नोंदणी बघून जवळचं बघा. राजारामपुरीत जाणार असाल तर संध्याकाळी गाडी लावायला जागा मिळत नाही, मी केएमटीच्या बसनं जनता बाजारला उतरून चालत जाते. सैल बाह्यांचा ड्रेस आणि सलवार घाला, जीन्स गुडघ्यापर्यंत वर जात नाही आणि मग पायाच्या सुयांना वेळ लागतो.